पेरलेले दात

“एक मिलिमीटर. रक्त नाही. उत्तम,” मालनच्या हातातली मोजायची काडी म्हणाली.

“उत्तम म्हणतीया बघ,” फुलाक्का तोंड उघडं ठेवूनच म्हणाली. “माझ्या सासूनं जल्मात कवा उत्तम म्हणलं न्हाई. ह्या काडीला कळतंय.”

ओट्यावर रांगेत बसलेल्या बायका हसल्या. मालननं काडी पुसली आणि पुढच्या खुंटाशी टेकवली. “हलू नको आक्का. जीभ आत घे.”

तांबाळवाडीच्या समाजमंदिराच्या ओट्यावर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हे काम चाले. गाव निपाणीच्या बाजूचं, तंबाखूच्या पट्ट्यातलं. सन २०४६ उजाडलं होतं. वखारी केव्हाच बंद पडल्या होत्या, पण साठीच्या पुढच्या बहुतेक बायकांनी उमेदीची वर्षं तिथं तंबाखू चाळण्यात घालवली होती. त्यांतल्या एकतीस जणींच्या खालच्या जबड्यात आता नवे दात होते. कोल्हापूरच्या एका दंतसंशोधन संस्थेनं चाचणीसाठी ते फुकट बसवले होते. जबड्यात चार खुंट आणि त्यांवर दातांची अख्खी पंगत. डॉक्टर त्यांना इम्प्लांट म्हणत. बायका म्हणत पेरलेले दात.

मालन चौगुले ही संस्थेनं नेमलेली गावची दंतसखी. वय साठ. फुलाक्का तिची थोरली जाऊ. दोघींचे नवरे गेलेले, दोघींच्या खोल्यांत एकच भिंत. मालननं काडी हिरडी आणि खुंट यांच्यामध्ये अलगद टेकवायची. ती किती खोल जाते आणि रक्त येतं का, हे काडीच मोजायची, मोठ्यानं सांगायची आणि आकडा कोल्हापूरला पाठवायची. गेल्या दोन वर्षांत एकाही बाईचा आकडा वाईट आला नव्हता.

डावीकडच्या शेवटच्या खुंटापाशी मालन थांबली. हिरडीच्या आतल्या अंगाला, जिभेच्या बाजूला, दुधाची साय चिकटावी तसं काहीतरी पांढरं होतं. तिनं कापसानं पुसलं. निघालं नाही. पुन्हा पुसलं. सायीची कड खाली, जिथं हिरडी खुंटाला चिकटली होती तिथं, आत शिरल्यासारखी दिसत होती.

“इथं दुखतंय?”

“न्हाई.”

“चरचरतंय? तिखट लागतंय?”

“तिखट तर मी घालूनच खाते.”

मालननं काडी टेकवली. “शून्य पॉइंट आठ,” काडी म्हणाली. “रक्त नाही. उत्तम.”

या वेळी मालनला तो शब्द बरा वाटला नाही.

*

खरा दात हिरडीत नुसता उभा नसतो. हिरडीतले बारीक धागे त्याच्या मुळात आडवे शिरलेले असतात. त्यामुळे खाल्लेल्या घासातले जंतू खाली उतरू शकत नाहीत. दात पडल्यावर त्याच्या जागी टायटॅनियम धातूचा खुंट पेरला तर हाड त्याला घट्ट धरतं. हिरडी मात्र धरत नाही. ती त्याच्याभोवती बांगडीसारखी बसते. मनगट आणि बांगडी यांच्यात असते तशी, पण केसाएवढी, फट राहते. त्या फटीत जंतू घर करतात. हिरडी सुजते, रक्त येतं, मग आतलं हाड मागं हटू लागतं आणि काही वर्षांत खुंट हलतो. धातूचे बारीक कण सुटून हिरडीत बसतात आणि सूज वाढवतात. झिर्कोनिया नावाच्या पांढऱ्या चिनीमातीचा खुंट केला तर हिरडी जरा शांत राहते, पण धरत त्यालाही नाही.

डॉ. नीलांबरी उपाध्ये यांनी या एका फटीवर पंधरा वर्षं घालवली होती. त्यांनी केलेल्या पदार्थाचं नाव होतं सांधण. खुंटाचा जो भाग हिरडीतून बाहेर येतो, त्या गळ्यावर त्यांनी केसाच्या शंभराव्या भागाहून बारीक असे चरे पाडले आणि त्या चऱ्यांत एका प्रथिनाचा तुकडा बसवला. कातडीनं मांसाला धरून राहावं म्हणून शरीर जे प्रथिन वापरतं, त्याच जातीचा तो तुकडा. हिरडीच्या पेशी त्याच्याकडे ओढल्या जात, चऱ्यांत पाय रोवत आणि तिथंच वाढत.

“हा खुंट मुका नाही, मालनताई,” पहिल्या दिवशी नीलांबरीबाईंनी समजावलं होतं. “तो हिरडीला हाक मारतो. ये, इथं धर. आणि हिरडी येते.”

ती खरोखरच आली होती. मालननं स्वतः पाहिलं होतं. तीन महिन्यांत खुंटाभोवती गुलाबी, घट्ट कडं तयार झालं, आणि ज्या बायका भाकरी आमटीत भिजवून गिळत होत्या त्या ऊस सोलून खायला लागल्या.

*

चाचणीत घेण्याआधी प्रत्येक बाईला बारा प्रश्न विचारायचे होते. सातवा प्रश्न होता: तंबाखू खाता किंवा ओढता का? हो म्हणेल तिला चाचणीत घ्यायचं नव्हतं. तंबाखूनं हिरडीचं काय होतं हे आधीच ठाऊक होतं, आणि नव्या पदार्थाची परीक्षा निरोगी हिरडीवर करायची होती.

“इश्श, तंबाखू बापय खात्यात,” पहिली बाई म्हणाली होती.

ती खोटं बोलली नव्हती. गावातली कुठलीच बाई तंबाखू खात नव्हती. बायका मिशेरी लावत. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि सकाळी उठल्यावर ती बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासत अर्धा तास बसायचं. मग दुपारी जेवल्यावर. मग निजायच्या आधी. शहरातले लोक ब्रश करतात, त्या दात घासतात, एवढाच त्यांच्या लेखी फरक. दात घासण्याला कुणी व्यसन म्हणतं का?

मालनला मात्र ठाऊक होतं. आरोग्याच्या प्रशिक्षणात तिला कैक वर्षांपूर्वी सांगितलं होतं, की मिशेरी म्हणजे तंबाखूच. त्या वर्षी तिनं ती सोडली. सहा महिने डोकं ठणकत होतं आणि भांडीसुद्धा तिच्यावर ओरडतात असं वाटत होतं.

पहिल्या दोघींचं उत्तर तिनं ऐकलं तसं लिहिलं. तिसरी फुलाक्का होती. तिच्या वेळेला मालनचं बोट सातव्या प्रश्नावर थांबलं.

फुलाक्काच्या खालच्या जबड्यात एकही दात उरला नव्हता. हाड झिजून सपाट झालेलं, त्यामुळे कवळी बसत नव्हती. लग्नाच्या पंगतीत ती भिंतीकडे तोंड करून बसायची, घास कसा गिळते ते दिसू नये म्हणून. मालन त्या घरात सतराव्या वर्षी आली तेव्हा याच बाईनं तिला वखारीत सांभाळलं होतं. पहिल्याच दिवशी दुपारी मालनला भुकेनं घेरी आली. फुलाक्कानं कमरेच्या पिशवीतली चिमूट तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, “लाव. भूक मरती.” भूक खरंच मेली. तो मालनचा मिशेरीचा पहिला दिवस.

मालननं सातव्या प्रश्नापुढं ‘नाही’ लिहिलं. मग उरलेल्या अठ्ठावीस जणींचंही तेच लिहिलं. बाकीच्यांचं खरं लिहिलं असतं तर फुलाक्काचं खोटं उघडं पडलं असतं.

*

त्या सोमवारी दुपारी ती फुलाक्काकडं गेली तेव्हा चुलीवर तवा होता आणि घरभर जळक्या तंबाखूचा वास होता. त्या वासानं मालनच्या तोंडाला आजही पाणी सुटायचं.

“आक्का, मिशेरी बंद कर. आजपासनं.”

“का गं? काडीनं उत्तम म्हणलंय न्हवं?”

“काडी फट मोजती. काडीला पांढरं दिसत न्हाई.”

“पांढरं!” फुलाक्कानं तव्यावरची तंबाखू उलथन्यानं हलवली. “ते कवाचं हाय. सासूबाईच्या तोंडात बी हुतं. नव्वदला गेली ती, आन् तीबी बैलानं ढुशी मारली म्हणून.”

“तिच्या तोंडात खुंट न्हवते. तुझ्या तोंडातलं खाली उतरलंय, खुंटाच्या कडंनं.”

“उतरू दे. हिरडी घट हाय, दात घट हायेत. काल पेरू खाल्ला, बिया चावून. तुला काय पायजे आता?”

“मला तू पायजेस.”

फुलाक्कानं वर पाहिलं. मग तवा खाली उतरवला. “सोडल्यापासनं तुझं डोस्कं जे फिरलंय,” ती म्हणाली, “ते अजून ताळ्यावर न्हाई.”

मालन घरी आली. भिंतीपलीकडून वरवंट्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती कोल्हापूरला गेली.

*

नीलांबरीबाईंच्या खोलीत भिंतीएवढा पडदा होता आणि त्यावर एकतीस ओळी. प्रत्येक ओळ हिरवी. शुक्रवारी दिल्लीच्या समितीपुढं हाच पडदा उघडायचा होता. समितीनं मान्य केलं तर वर्षभरात देशातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सांधण पोचणार होतं.

“बसा मालनताई. चहा सांगते.”

मालन बसली नाही. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं.

“किती जणी मिशेरी लावतात?” नीलांबरीबाईंनी विचारलं.

“एकतीस.”

“एकतीस तर एकूण आहेत. त्यांतल्या किती?”

“एकतीस, मॅडम.”

बाई पडद्याकडं बघत राहिल्या. त्यांचे केस बारीक कापलेले होते आणि पांढरे झाले होते. त्यांनी एक ओळ उघडली, मग दुसरी, मग तिसरी. रक्त नाही. रक्त नाही. रक्त नाही.

“चोवीस महिन्यांत एकीच्याही हिरडीतून रक्ताचा थेंब नाही,” त्या हळू म्हणाल्या. “मला हे फार चांगलं वाटत होतं. विचार करायला हवा होता. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. हिरडी आजारी असली तरी रक्त येत नाही. आणि फट सापडत नव्हती, कारण सांधणनं हिरडी धरून ठेवली होती. आपण दोनच गोष्टी मोजत होतो, मालनताई. एकीचं तोंड मिशेरीनं बंद केलं, दुसरीचं मी.”

“आन् ते पांढरं?”

“चाळीस वर्षं रोज तीन वेळा भाजलेली हिरडी. तिथल्या पेशी सारखी डागडुजी करून करून नको तेवढं वाढायला शिकलेल्या असतात. एरवी त्या वरच राहतात, डोळ्यांना दिसतात, मिशेरी सोडली तर पुष्कळदा मागंही जातात.” त्या थांबल्या. “माझा खुंट हाक मारतो. कोण येतंय ते तो विचारत नाही. त्या पेशी गळ्याच्या कडेनं खाली उतरल्या असतील, तर जिथं काडी जात नाही आणि डोळा जात नाही तिथं उतरल्या असतील.”

“मॅडम, मला काढून टाका. पोलिसांत द्या. माझ्या हातानं लिवलंय मी.”

“सातवा प्रश्न कुणी लिहिला होता?”

मालननं वर पाहिलं.

“मी. सांगलीच्या घरात माझी आजी मिशेरी लावायची. सकाळी तिच्या मांडीवर बसून तिची डबी मी धरायचे. तिला कुणी तंबाखू खाता का म्हणून विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि मीही शपथेवर नाही म्हटलं असतं. तो वास मला अजून आठवतो, आणि प्रश्न लिहिताना आठवला नाही.” त्यांनी फोन उचलला. “तुमच्यावर मी रागावणार आहे, मालनताई. फार रागावणार आहे. पण आज वेळ नाही.”

फोनवर त्या दिल्लीच्या कुणाशी तरी बोलल्या. आकडे खरे आहेत, पण तंबाखू न लावणाऱ्या बायकांचे म्हणून मी लिहिले, त्यांचे ते नाहीत; शुक्रवारी मी ते मांडणार नाही, एवढंच त्यांनी दोनदा सांगितलं. फोन ठेवला. भिंतीवरचा पडदा तसाच हिरवा राहिला होता. तो बंद करायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

*

गुरुवारी संस्थेची गाडी गावात आली. गाडीत एक निळा दिवा होता. तोंडात धरला की निरोगी हिरडी हिरवट उजळे आणि बिघडलेली जागा काळी दिसे.

मालननं ओट्यावर उभं राहून बायकांना सगळं सांगितलं. आपण काय लिहिलं तेही सांगितलं. मग सगुणा उठली. सगुणा मालनच्या समोरच्या घरातली, वखारीत तिच्या शेजारी बसणारी.

“दोन वर्सं माझ्या तोंडात बोटं घालतीस,” ती म्हणाली, “आन् हे आता सांगतीस?”

“व्हय.”

“माझ्या नातवंडांनी मला दात आल्यावर पयल्यांदा हसताना बघितलं. आता ते काढणार?”

“समद्यांचे न्हाई काढणार. आधी दिवा लावून बघू दे.”

सगुणा रांगेत जाऊन उभी राहिली, पण त्यानंतर तिनं मालनकडं पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत तीस जणी झाल्या. बावीस जणींच्या हिरड्या हिरव्या उजळल्या. त्यांचे खुंट राहणार होते. फक्त गळ्याभोवतीची हिरडी कापून, सांधणचा गळा काढून, तिथं साधी चिनीमाती बसवायची होती, आणि मिशेरी कायमची बंद. आठ जणींच्या तोंडात काळे ठिपके निघाले. लहान होते. वेळेत कापले तर भागणार होतं.

एकतिसावी आली नाही.

फुलाक्कानं दाराला कडी घातली होती. मालननं बाहेरून हाका मारल्या, नीलांबरीबाई स्वतः दाराशी येऊन उभ्या राहिल्या. कडी निघाली नाही. गाडी गेल्यावर भिंतीपलीकडून कडाकडा आवाज येऊ लागला. फुलाक्का फुटाणे खात होती. मालनला ऐकू जावं म्हणून, अगदी भिंतीला टेकून.

सहा दिवस हे चाललं. मालन दिसली की फुलाक्का तोंडाला पदर लावायची. दुपारी फुटाणे, नाहीतर वाळकी भाकरी, नाहीतर उसाचं कांडं. मालन भिंतीच्या अलीकडं बसून ते ऐकायची. सातव्या दिवशी आवाज आला नाही. आठव्या दिवशीही आला नाही.

मालन गेली. कडी नव्हती. फुलाक्का खिडकीशी डाव्या गालावर हात धरून बसली होती. पुढ्यात फुटाण्यांची वाटी तशीच.

“घास डावीकडं जाईना झालाय,” ती म्हणाली. पदर लावायचं ती विसरली होती.

मालन तिच्यापुढं खाली बसली. “आक्का, एक सांगायचं ऱ्हायलंय. ओट्यावर समद्यांच्या म्होरं सांगितलं, पण तू न्हवतीस. तुझ्या वेळंला माझा हात थांबला हुता. मला ठावं हुतं. मी चुकून न्हाई लिवलं, जाणून लिवलं.”

फुलाक्का फुटाण्यांकडं बघत होती. “तुला एकलीलाच ठावं हुतं व्हय?”

“म्हंजे?”

“डॉक्टरीण सांगत हुती, तवा मी काय भैरी हुते? तंबाखूवाल्या बाईला दात न्हाईत म्हणली. तंबाखू तव्यावर मीच भाजते की. ती काय भाजल्यावर हळद हुती? कमरंची पिशवी मी पदराआड सारली आन् आभाळाकडं बघत बसले. तुझ्याकडं न्हाई बघितलं.” ती थांबली. “बघितलं असतं तर तू खरं लिवलं असतंस.”

मालनला रडू आलं.

“रडू नकोस, नाकातलं पुस. आन् हिकडं ये.” फुलाक्कानं खिडकीच्या उजेडाकडं मान केली आणि तोंड उघडलं. “बघ.”

*

हिरडीचा तुकडा तपासून आला. नीलांबरीबाई वॉर्डात आल्या, स्टूल ओढून फुलाक्काच्या खाटेशी बसल्या आणि काही न लपवता सांगितलं. कर्करोग होता. शेवटच्या दोन खुंटांच्या कडेनं तो हाडात उतरला होता. डावा अर्धा जबडा काढावा लागणार होता, आणि जिभेचाही भाग.

“परत काय पेरता यील का तितं?” फुलाक्कानं विचारलं.

“पायाचं हाड लावून जबडा करू. दात नाही. माझा खुंट मी पुन्हा तुमच्या तोंडात घालणार नाही.”

“आन् न्हाई कापलं तर?”

“दिवाळी दिसेल. पुढचं मी सांगू शकत नाही.”

“कापल्यावर बोलाया यील?”

“काही महिने अजिबात नाही. मग येईल. पण लोकांना समजायला वेळ लागेल. आत्ता बोलता तसं नाही येणार, मावशी.”

फुलाक्कानं हात पुढं केला. नीलांबरीबाईंना वाटलं अंगठ्यासाठी कागद मागते आहे, म्हणून त्यांनी कागद धरला. फुलाक्कानं कागद बाजूला सारला आणि बाईंचा हात धरला. “दोन वर्सं म्या ऊस खाल्ला,” ती म्हणाली. मग अंगठा दिला. “किती वाजता हाय?”

“उद्या सकाळी आठला.”

“म्हंजे आजचा दीस माझा हाय.”

बाई गेल्यावर ती मालनकडं वळली आणि बोलायला लागली. दुपारभर बोलली. मालनच्या भाकरीची कड चाळीस वर्षं जाड येते आणि ते तिला कुणी सांगितलं नाही कारण मालनला लगेच राग येतो. दिराचं, म्हणजे मालनच्या नवऱ्याचं, लग्नाआधी दुसरीकडं ठरत होतं; ते फुलाक्कानं मोडलं, कारण ती मुलगी हसताना दुसऱ्याकडं बघून हसायची. मालननं वखार सोडून गळ्यात आरोग्यसेविकेचा बिल्ला अडकवला त्या दिवशी फुलाक्का जेवली नव्हती. “पोटात दुखत हुतं,” ती म्हणाली. “आजारानं न्हवं. तुझ्यावर जळून.” थोडं पाणी प्यायली आणि पुढं बोलत राहिली.

मग ती उठून बसली. “लिवून घे,” म्हणाली.

“काय?”

“सगुणानं मिशेरी सोडायची शपथ घेतलीया, पण सोडली न्हाई. तिची पुडी तांदळाच्या डब्यात हाय, खाली, वर्तमानपत्राच्या खाली. भागीची देवाऱ्याच्या मागं. जनाची शिवणाच्या मशिनच्या खणात. ताराची गोठ्यात, वरच्या वाशाला, तिचा हात पुरत न्हाई म्हणून तिची सून काढून देती.”

“तुला कसं ठावं, आक्का?”

“मी काय बाहेरची हाय? समद्यांनी एकमेकीला दावून ठेवलंय. कुणाची संपली तर.”

मालननं वही काढली. फुलाक्का घरांच्या क्रमानं सांगत गेली, वेशीपासून मळ्यापर्यंत. मधे एखादं नाव चुकलं की मागं जायची. तिसावं घर झालं तेव्हा खिडकीतला उजेड पिवळा झाला होता. तिचा आवाज बसला होता, डावीकडून शब्द निसटत होते. तरी ती गप्प राहिली नाही. सकाळी स्ट्रेचर आलं तेव्हाही ती ते ढकलणाऱ्या माणसाला, तुझं गाव कंचं, बायको काय करती, म्हणून विचारत होती.

*

शस्त्रक्रियेच्या चौथ्या दिवशी मालनला आत सोडलं. मधले तीन दिवस ती गावात होती, वही घेऊन.

फुलाक्काचा चेहरा नाकापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होता. गळ्यात नळी. डोळे तेवढे उघडे आणि जागे. मालन खाटेशी बसली. तिनं चादर नीट केली. नळीकडं पाहिलं, सलाइनकडं पाहिलं. या बाईजवळ बसून इतकी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती.

फुलाक्कानं खाटेच्या लोखंडी कडेवर बोट आपटलं. एकदा, दोनदा. मालननं वर पाहिल्यावर तिनं तेच बोट मालनच्या तोंडाकडं धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

मालननं घसा खाकरला.

“सगुणानं आधी दारच उघडलं न्हाई,” ती म्हणाली. “मग म्या भाईरनंच मोठ्यांदा म्हणलं, तांदळाच्या डब्यात, वर्तमानपत्राच्या खाली. तसं धाडकन दार उघडलं आन् ती काय म्हणली ठावं हाय?”